शिळं, ताजं आणि साठवणीचं

मराठीत 'शिळं' या शब्दाला कधी मान मिळालेला नाही. शिळ्या कढीला ऊत आणला की लोक हसतात, शिळी बातमी कुणी वाचत नाही, आणि शिळं वाढलं म्हणून पाहुणे रुसल्याच्या कथा प्रत्येक घराण्यात एक-दोन तरी असतात. तेच 'मुरलेलं' म्हटलं की सूर बदलतो. मुरलेलं लोणचं, मुरलेला मुरंबा, इतकंच काय, मुरलेला गवईसुद्धा. वास्तविक दोन्ही पदार्थ आजचे नव्हेत. मुरलेला तर गेल्या वर्षीचा. मग एकाला नाक मुरडायचं आणि दुसऱ्याची बरणी कौतुकानं पुढे करायची, हा न्याय कुठला? हा प्रश्न मला पहिल्यांदा १९९० साली वसमतला पडला, आणि तो काही शब्दांच्या आवडीपायी पडला नाही. घरात पाच आणि दोन वर्षांची दोन मुलं होती आणि बँकेतून सुटायला रात्रीचे आठ वाजत होते.

अलीकडे हा विषय पुन्हा निघाला तो सुनेमुळे. ती पुण्याला नोकरी करते. रविवारी सकाळी ओट्यावर बारा डबे मांडून आठवड्याभराच्या भाज्या, ग्रेव्ह्या, अर्धवट भाजलेल्या पोळ्या करून फ्रीजमध्ये रचते. बुधवारपर्यंत सगळं सुरळीत चालतं, गुरुवारी मुलं डब्याकडे बघून तोंड फिरवतात आणि शुक्रवारी बाहेरून मागवलं जातं. तिनं मला विचारलं, "आई, तुमच्याकडे तर यातलं काहीच नव्हतं. तुम्ही कसं करायचात?" मी म्हटलं, फ्रीज होता गं, पण त्यात वीज नसायची. ती हसली. मी मात्र तेव्हापासून या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायच्या मागे आहे.

वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. त्यात हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे पाच तालुके आले. मी आले तेव्हा शाखेत संगणक नव्हता आणि त्याच वर्षी केंद्र सरकारनं शेतकऱ्यांची दहा हजार रुपयांपर्यंतची थकीत कर्जं माफ करण्याची योजना आणली. वाचणाऱ्याला ती एका ओळीची बातमी. आम्हाला मात्र प्रत्येक खात्याचं व्याज हातानं काढून याद्या कराव्या लागत होत्या. दिवसा लोकांची गर्दी आणि संध्याकाळनंतर याद्या. माझे यजमान परभणीला शाळेत शिक्षक. शनिवारी रात्री यायचे, सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायचे. मुलं दिवसभर घरमालकांच्या आईजवळ. त्यांना सगळी गल्ली 'माय' म्हणायची, मीही म्हणू लागले.

पहिल्या महिन्यात मी पहाटे साडेचारला उठून भाजी-पोळी-वरण-भात असा चौरस स्वयंपाक करायचे आणि रात्री आल्यावर पुन्हा तोच. माहेरची शिस्त. मुलं रात्री साडेसातला पेंगायला लागत आणि माझा कुकर सव्वाआठला शिट्टी देई. माय हे सगळं ओसरीवरून बघत होत्या. एका रात्री म्हणाल्या, "पोरी, रोज ताजं ताजं म्हणून मरतीस कशाला? लेकराला भूक लागली की तिथं पाहिजे. ताजं-शिळं हे मोठ्यायचे चोचले." आणि घरातून एक पितळी डबा आणून त्यांनी माझ्या हातात ठेवला. त्यात येसर होता.

मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं, की येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं, डाळीचं आणि मसाल्याचं एकत्र पीठ. भाजणीच्या जवळचं, पण मसाल्याच्या अंगानं गेलेलं. मायंचं माप असं होतं: दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी गहू, एक वाटी बाजरी, अर्धी वाटी तांदूळ, एक वाटी धणे, पाव वाटी जिरे, मग थोडे मिरे, चार-सहा लवंगा, दालचिनीचे तुकडे, तमालपत्र, दगडफूल आणि सुंठ. शेजारच्या घरात बाजरीऐवजी ज्वारी, आणखी पुढच्या घरात गहू अजिबात नाही. या बाबतीत एका गल्लीत दोन घरांचं एकमत मी पाहिलेलं नाही. एकमत एवढ्यापुरतंच, की प्रत्येक जिन्नस वेगळा आणि मंद आचेवर भाजायचा. डाळ आणि गहू एकत्र कढईत टाकले तर एक करपतं आणि दुसरं कच्चं राहतं. भाजून झालं की परातीत पसरून पूर्ण गार करायचं, तोवर गिरणीचं नाव काढायचं नाही. कोमट धान्य दळलं तर पिठाला घाम येतो आणि महिन्याभरात जाळी धरते.

या पिठाची आमटी करायला पंधरा मिनिटं लागतात. घड्याळ लावून बघितलेलं आहे. चार वाट्या पाण्याला तीन मोठे चमचे येसर, आधी थोड्या गार पाण्यात कालवून घ्यायचा म्हणजे गुठळ्या होत नाहीत. तेलात मोहरी, जिरे, ठेचलेला लसूण, हिंग, हळद. त्यावर पाणी, पाणी तापलं की कालवलेला येसर, मीठ, एक गुळाचा खडा, चिंचेचा कोळ. सात-आठ मिनिटं खळखळली की झाली. धान्य आधीच भाजलेलं असल्यानं पिठाचा कच्चट वास उरत नाही, म्हणून ती इतक्या लवकर होते. मायंची एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटली. त्या येसरात तिखट घालतच नसत. मुलांची आमटी आधी काढून ठेवायची आणि उरलेल्या आमटीत मोठ्यांसाठी तिखटाची फोडणी वरून. एकाच पातेल्यात दोन वयांची जेवणं. सकाळच्या भाकरीचा त्यात काला करून दिला की दोन वर्षांचं मूल मुकाट्यानं जेवतं, आणि त्याच्या पोटात धान्य आणि डाळ एकत्र जातात. धान्यातल्या प्रथिनांत जे कमी ते डाळीत असतं आणि डाळीत जे कमी ते धान्यात, हे आहारशास्त्र मी नंतर वाचलं.

याच आमटीत आज सांडगे, उद्या शेवग्याच्या शेंगा, परवा उकडलेली अंडी सोडली की ती रोज वेगळी लागते. गुरुवारी तोंड फिरवण्याचा जो प्रश्न माझ्या सुनेपुढे आहे त्याचं उत्तर मला इथं दिसतं. तिनं रविवारी केलेली भाजी ही पूर्ण झालेली भाजी असते. गुरुवारी ती फक्त जुनी होऊ शकते. येसर, भाजणी, मेतकूट हे मुळात अर्धेच पदार्थ. वेळखाऊ अर्धं काम, म्हणजे निवडणं, भाजणं, दळणं, ते महिन्यापूर्वी झालेलं असतं, आणि फोडणीचं, वासाचं, चवीचं अर्धं काम त्या दिवशी होतं. ताटात येतं ते ताजंच. जुनं फक्त कष्ट.

सकाळचं गणित धपाट्यांनी सुटलं. दोन वाट्या ज्वारीच्या पिठाला अर्धी वाटी कणीक, अर्धी वाटी बेसन, तीळ, ओवा, हळद, मीठ. हे कोरडं मिश्रण मी रविवारी आठवड्याचं करून ठेवायची. आदल्या रात्री लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण तयार. सकाळी दह्यात किंवा ताकात मळायचं, ओल्या फडक्यावर थापायचं आणि फडकं उचलून अलगद तव्यावर पालथं घालायचं. पहिली आठ-दहा धपाटी फाटतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नये. कांदा घालायचा नाही. कांद्याचं धपाटं दुपारी वास मारतं, बिनकांद्याचं दुसऱ्या दिवशीही खपून जातं. मराठवाड्यात लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाच्या पिशवीत धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी असते ती याच कारणानं. मुलांना तिखट नको असेल तर दशमी. पाण्याचा थेंब न घालता दुधात पीठ मळायचं; गोड हवी तर त्या दुधात गूळ विरघळवून कणकेची करायची. दशमी दोन दिवस मऊ राहते. माझ्या धाकट्यानं पहिली दोन वर्षं गुळाच्या दशमीवर काढली असं म्हटलं तर ते फारसं खोटं नाही.

उरलं ते मेतकूट. त्याबद्दल पुण्या-मुंबईच्या लोकांनी पुष्कळ लिहिलं आहे, तेव्हा मऊ भात, तूप आणि मेतकूट एवढंच म्हणून पुढे जाते. पण भुरक्याचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. तेल कडकडीत तापवायचं, त्यात जिरे, भरपूर ठेचलेला लसूण, तीळ, दाण्याचं कूट. गॅस बंद करायचा आणि मगच तिखट घालायचं. गॅस चालू असताना घातलं तर तिखट जळून ठसका सगळ्या वाड्याला. हा बाटलीत आठवडाभर राहतो. तो मुलांसाठी मुळीच नाही. मुलांना भरवून, निजवून, रात्री नऊ वाजता स्वतःच्या ताटात कोरडी भाकरी घेऊन बसलेल्या बाईसाठी आहे.

माझ्या कादंबऱ्यांतल्या बायका फार वेळ स्वयंपाकघरात असतात, असं एका समीक्षकानं लिहिलं होतं. त्यांनी मोजलं असावं. सरकारनंही मोजलंय. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या बिनपगारी कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७, असा आकडा आला. म्हणजे बाईची पाच तासांची एक पाळी, आठवड्याची सुटी नसलेली. बँकेत आम्ही एवढ्या जादा वेळाचा भत्ता मागितला असता.

आता खरी गोष्ट. येसर किंवा धपाटी ही नोकरदार बाईसाठी कुणी शोधून काढलेली सोय नव्हे. आमच्या आधी कितीतरी पिढ्या ती शेतात जाणाऱ्या बाईची सोय होती. या जिल्ह्याचं वर्ष बघा. जूनमध्ये पेरणी, जुलै-ऑगस्टमध्ये निंदणी-खुरपणी, मग मूग-उडदाची तोडणी, दसऱ्याच्या आसपास सोयाबीन, त्यापुढे कापसाची वेचणी, ज्वारी-हरभऱ्याची काढणी. बाई सकाळी आठला घराबाहेर पडते आणि दिवेलागणीला परत येते. मुलं घरी, नाहीतर धुऱ्यावर झाडाच्या फांदीला बांधलेल्या झोळीत. माझ्या दहा ते आठच्या नोकरीचं जे कौतुक माझ्या माहेरी होत असे, ते मायंच्या सुनेच्या वाट्याला कधी आलं नाही; आणि तिचे तास माझ्यापेक्षा जास्त होते. मोकळे महिने दोनच, चैत्र आणि वैशाख. शेतात काम नाही आणि वर बेचाळीस अंशांचं ऊन. ज्या काळात हाताला काम नाही तेव्हा पुढच्या दहा महिन्यांच्या संध्याकाळी तयार करून ठेवायच्या, हा वाळवणाचा हिशेब आहे. त्याला आपण हौस म्हणतो, परंपरा म्हणतो, दिवाळी अंकात त्यावर ललित लेख लिहितो. मला ती मुदत ठेव वाटते, ज्या बाईच्या नावावर बँकेत खातं नाही तिची.

कुरडयांचे गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा. तो पहाटे शिजवायचा म्हणजे ऊन चढायच्या आत साच्यातून पाडून होतो. गरम चिकाची वाटी घेऊन मुलं साखर-दुधाची वाट बघत रांगेत बसायची, तो त्यांचा वर्षातला सर्वात आवडता नाश्ता. मग शेवया, सांडगे, ज्वारीच्या पापड्या, आणि बाजरीच्या खारोड्या. या खारोड्या म्हणजे भरडलेली बाजरी लसूण-तीळ-तिखट घालून शिजवायची आणि चिमटीनं कापडावर टाकायची. वाळल्या की तळायचीही गरज नाही. कच्च्या खारोड्या आणि भाजलेले शेंगदाणे हा शाळेतून आलेल्या मुलाचा चार वाजताचा खाऊ, आई घरी नसली तरी त्याला स्वतः काढून घेता येणारा. हे वाळवण कुणी एकटी करत नाही. आज तुझ्या कुरडया, उद्या माझ्या शेवया. शेतात जी सावड असते तीच गच्चीवर. मला रविवारशिवाय सवड नसे, म्हणून साचा दाबायचं, हात दुखवणारं काम माझ्याकडे. त्या बदल्यात माझ्या डब्यांत वर्षाची बेगमी यायची. हिशेब कुणी लिहून ठेवत नव्हतं आणि तो कधी चुकला नाही. हे वाक्य तीस वर्षं ताळेबंद जुळवलेली बाई लिहिते आहे.

जानेवारीत हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून सावलीत वाळवायचा, गवारीच्या आणि कारल्याच्या काचऱ्या करायच्या, अंबाडी वाळवायची. मे महिन्यात, बाजारात भाजी महाग आणि पाणी टँकरचं, तेव्हा वाळलेला हरभऱ्याचा पाला चुरून लसणाची फोडणी दिली की भाजी झाली. विजेचा प्रश्न इथं येतच नाही. २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात भारनियमनाची होती. दिवसाचे कित्येक तास फ्रीज म्हणजे एक पांढरं कपाट. त्या काळात कळमनुरीला माझी पुन्हा बदली झाली होती. मुलं मोठी झाली होती, पण शाखेतल्या तरुण मुलींची लहान होती. फ्रीजमधला मळलेला गोळा दुपारपर्यंत आंबून जायचा. कोरड्या पिठाच्या डब्याला मात्र भारनियमनाचं वेळापत्रक माहीतच नव्हतं.

याचा अर्थ जुनं ते सगळं सोनं, असा कुणी काढू नये. वाळवणाचे दोन मोकळे महिने आता सगळीकडे मोकळे राहिलेले नाहीत. वसमतच्या बाजूला हळद आहे. तिला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. ही हळद फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. मग ती शिजवायची, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायची, पॉलिश करायची. ज्या उन्हात कुरडया वाळायच्या त्याच उन्हात हळद पसरलेली, आणि ज्या हातांनी साचा फिरवायचा त्यांना तिथं मजुरी मिळते. कुणी कुरडयांसाठी मजुरी सोडावी असं मी म्हणणार नाही. मीही सोडली नसती. तिकडे खरीप ज्वारी जाऊन सोयाबीन आलं, तसं धपाट्याचं मुख्य पीठही विकत आणायची पाळी आली. २०२३ साली जगभर भरडधान्य वर्ष साजरं झालं. परभणीच्या कृषी विद्यापीठातून लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' ही ज्वारी २०१८ साली आली, ती वाढत्या वयाच्या मुलांसाठी उत्तमच. पण ज्वारी पौष्टिक आहे हे सांगणारे लोक ती कोण थापणार हे सांगत नाहीत.

आणि इथं 'ताजं' या शब्दाचा माझा राग आहे. गरम भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे, असं जो म्हणतो तो पहिल्या पंगतीला बसलेला असतो. थापणारी शेवटी जेवते. तोवर तिच्या वाट्याची भाकरी गार, भाजीचा तळ आणि सकाळचं उरलेलं. ज्या घरात सगळ्यांना ताजं लागतं त्या घरात एक माणूस रोज शिळं खात असतं, आणि ते कोण हे विचारायची गरज नाही. माझे यजमान शनिवारी रात्री येत तेव्हा सुरुवातीला त्यांनाही धपाटं 'कालचं आहे का?' असा प्रश्न पडे. मग रविवारचं भाजण मी त्यांच्याकडे दिलं. हरभऱ्याची डाळ मंद आचेवर बदामी होईपर्यंत हलवत उभं राहायला पाऊण तास लागतो. तेव्हापासून कालचं-आजचं हा विषय आमच्या घरी निघाला नाही, आणि सांगायला हरकत नाही, की येसर ते माझ्यापेक्षा चांगला भाजतात.

खेड्यातल्या आईची दुपार कुठल्याच पीठानं सोडवली नाही, ती शाळेतल्या खिचडीनं सोडवली. शालेय पोषण आहाराची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली तेव्हा मुलांना महिन्याला तीन किलो कोरडा तांदूळ घरी मिळायचा. म्हणजे शिजवणं पुन्हा आईकडेच. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं अन्न द्या असा आदेश दिला आणि पुढे शाळेत चूल पेटली. खिचडीच्या दर्जाबद्दल, तेलाबद्दल, किड्यांबद्दल पुष्कळ छापून आलं आहे आणि ते छापलंच पाहिजे. पण खुरपायला गेलेल्या बाईला बारा वाजता आपलं मूल जेवतंय हे माहीत असणं काय असतं, ते मी कर्जवसुलीला खेड्यांत फिरताना बायकांच्या तोंडून ऐकलं आहे.

१९९२ साली नाबार्डनं बचत गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली. पुढच्या दहा-बारा वर्षांत आमच्या शाखांतही गटाच्या बायका येऊ लागल्या. शेळ्या, शिलाई यंत्र, पीठगिरणी, मिरची-कांडप यंत्र. काहींनी येसर, मेतकूट, जवसाची चटणी, पापड करून विकायचं म्हटलं. अर्जाच्या कागदावर 'कच्चा माल' म्हणून डाळ, धणे, मिरे यांचे भाव लिहिलेले असत, आणि भाजणीच्या मजुरीचा रकाना बहुधा रिकामा. मी विचारायची, आणि त्या म्हणायच्या, "ते तर आपण घरीच करतोत की." त्या रकान्यात आकडा घालायला लावणं हे माझ्या नोकरीतलं मला आवडलेलं काम. २०२० मध्ये आलेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत अशा उद्योगांना ३५ टक्के अनुदान ठेवलं गेलं. यंत्राला अनुदान मिळालं हे चांगलं झालं. भाजणाऱ्या हाताची किंमत पाकिटावर अजून पुरेशी लागत नाही. शहरातल्या तरुण आयांना मी निःसंकोचपणे सांगते, वेळ नसेल तर गटाचा येसर विकत घ्या, फक्त स्वस्त म्हणून घासाघीस करू नका. तुमचा पाऊण तास त्या पाकिटात आहे.

आणि घरी करायचा असेल तर सगळं एकाच रविवारी करायला जाऊ नये. महिन्याच्या एका रविवारी येसर, एका रविवारी मेतकूट किंवा भाजणी, उरलेल्या दोन रविवारी फक्त धपाट्याचं पीठ आणि चटण्या. बाकी आठवड्याला मूग-मटकी भिजवून मोड काढलेले असले की पुरे. १९७० साली कमलाबाई ओगल्यांनी 'रुचिरा'त वाटी-चमच्याची मापं दिली, ती या कामाला अगदी योग्य आहेत. तराजूची गरज नाही, वाटी मात्र दर वेळी तीच हवी. शेंगदाणे महिन्याचे भाजून ठेवायला हरकत नाही, कूट मात्र आठवड्यापुरतंच करावं, कारण कुटलेल्या दाण्याचं तेल बाहेर येतं आणि ते लवकर खवट होतं. ओलसर, बुरशी आलेले, काळे पडलेले दाणे निवडून टाकावेत. भाजल्यानं त्यातलं विष जात नाही. येसरात खोबरं घालायचा मोह अनेकींना होतो. महिन्याच्यावर टिकवायचा असेल तर घालू नये, करताना वरून किसावं. शिजवलेला भात मात्र या साठवणीच्या हिशेबात धरूच नये. उन्हाळ्यात तो बाहेर तासन्‌तास राहिला तर त्यात असे जंतू वाढतात, की पुन्हा गरम करूनही त्यांचं विष नाहीसं होत नाही, आणि लहान मुलांना उलट्या होतात. भात त्या-त्या वेळी लावावा. तो वीस मिनिटांचाच आहे.

सुनेनं मागच्या महिन्यात पहिला येसर केला. डाळ थोडी जास्त भाजली गेली, पण आमटी चांगली झाली. तिनं फोनवर विचारलं, जुना थोडा उरलाय, त्यातच नवा ओतू का? मी म्हटलं, नको. जुना आधी संपव, डबा धुऊन दिवसभर उन्हात ठेव, पूर्ण कोरडा झाला की मग नवा भर. आणि चमचा ओला लावू नकोस.